ईस्टर आपल्याकडे उन्हाच्या तोंडावर येतो

अगं, चर्चच्या सजावटीसाठी यंदा फुलं बाजारातून आणू का, असं विचारलंस ना? आणू नकोस. निदान सगळी तरी आणू नकोस. तुझ्या सासूबाईंनी इतकी वर्षं ईस्टरला गच्चीवरची फुलं दिली आणि गच्ची अजून तिथंच आहे. त्या गेल्यापासून तू वर पाऊल टाकलं नाहीस, हे मला ठाऊक आहे. वाळत घातलेले कपडेसुद्धा तुझा नवराच काढून आणतो, तेही कळलंय. त्यावरून मी तुला एक शब्द बोलणार नाही. पण ईस्टरला अजून तीन आठवडे आहेत, तेव्हा थोडं बोलू या. पटलं तर घे, नाही तर सोडून दे. मोठ्या बहिणीचं बोलणं तेवढ्यासाठीच असतं.

तू म्हणालीस, “ताई, सगळे सांगतात ईस्टर म्हणजे आशा. मला तर आतून काहीच वाटत नाही. प्रार्थनेला बसले तरी डोळे नुसते मिटलेले.” तुला खरं सांगू? यात तुझं काही बिघडलेलं नाही. आपण आशेचं जे चित्र मनात धरून बसतो ते मुळी आपल्या गावचं नाही. भेटकार्डांवरचा ईस्टर बघ. बर्फ वितळतंय, जमिनीतून पिवळी फुलं वर येताहेत, कोवळं ऊन पडलंय. तिकडच्या लोकांचा हिवाळा सरतो आणि ईस्टर येतो, म्हणून त्यांना तो सुटकेसारखा वाटतो. आपल्याकडचा हिशेब उलटा आहे. २१ मार्चला किंवा त्यानंतर येणारी पहिली पौर्णिमा धरायची आणि तिच्या पुढचा रविवार ईस्टरचा, म्हणजे तो २२ मार्च ते २५ एप्रिल या दरम्यान कधीही पडतो. यंदा, २०२६ मध्ये, चैत्री पौर्णिमा २ एप्रिलला आहे. त्या दिवशी हनुमान जयंती, दुसऱ्या दिवशी उत्तम शुक्रवार आणि ५ तारखेला ईस्टर. आणि पुढं काय? पुढं एप्रिल, मे. चाळिशी ओलांडणारा पारा, तापलेल्या गच्च्या, आठवडाभर न येणारं नळाचं पाणी. आपल्याला ईस्टर भेटतो तो कठीण दिवस संपल्यावर नव्हे, ते सुरू होताना. वाटेला लागताना आई हातात शिदोरी देते ना, तसा. पोट भरलेलं असतानाच ती घ्यायची असते. भूक पुढं लागणार असते.

म्हणून तुला आज आनंदानं उचंबळून येत नसेल तर नको येऊ दे. शिदोरी तेवढी बांधून घे.

आणि शुभवर्तमानातल्या त्या बायकांकडे जरा नीट बघ. आपण दर वर्षी ती कथा ऐकतो आणि धोंड बाजूला सरलेल्या क्षणाकडेच धाव घेतो. त्याच्या आधीचं काय? त्या पहाटे घरातून निघाल्या तेव्हा कुणाच्याही मनात आशा नव्हती. शब्बाथाचा अख्खा दिवस त्या घरात बसून होत्या. हातात सुगंधी द्रव्यं होती, म्हणजे मृताची उरलेली सेवा करायला निघाल्या होत्या. कबरेवरची धोंड कोण लोटणार, हेसुद्धा ठरलेलं नव्हतं. वाटेत एकमेकींना विचारत होत्या, पण माघारी फिरल्या नाहीत. योहान तर स्पष्टच लिहितो की ती कबर एका बागेत होती आणि मरीया मग्दालीयेला समोर उभा असलेला प्रभू आधी बागेचा माळीच वाटला. रडून रडून डोळे सुजलेले असताना, बागेत, कामाच्या निमित्तानं गेलेल्या बाईला पहिली बातमी मिळाली. घरात बसून आशा वाटण्याची वाट बघणाऱ्याला नाही मिळाली. मला या कथेतून एवढंच कळलंय: आधी मन तयार होत नाही. आधी पाय निघतात.

तेव्हा तू गच्चीवर जा. उद्या सकाळी ऊन चढायच्या आत जा, आणि पहिल्या दिवशी काहीही नीट करायला बघू नकोस. झाडलोट नको, कुंड्यांची हलवाहलव नको. नुसती एक फेरी मार. कोणतं झाड गेलंय आणि कोणतं गेल्यासारखं दिसतंय, एवढंच बघ. या दोन्हींत फार अंतर असतं. जास्वंदाची, गुलाबाची वाळलेली दिसणारी फांदी धर आणि अंगठ्याच्या नखानं साल जराशी खरवड. आत तपकिरी, कोरडं लाकूड लागलं तर ती फांदी गेली. मग थोडं खाली येऊन पुन्हा खरवड. अगदी बुंध्याजवळ का होईना, ओलसर हिरवी रेघ दिसली तर झाड जिवंत आहे. वरचं मेलेलं तेवढं कात्रीनं उतरवायचं, हिरव्याच्या जरा वर, आणि झाडाला त्याच्या वेळेवर सोडायचं. सासूबाईंच्या कुंड्या तीन-चार महिने केवळ तुझ्या नवऱ्यानं अधूनमधून मारलेल्या पाण्यावर आहेत. त्यातल्या बऱ्याच तुला फसवतील बघ. वरून काडी, आतून हिरव्या.

दुसरी गोष्ट पाण्याची. कुंडीतली माती फार दिवस सुकली की ती आकसते आणि कुंडीची कड सोडते. मग वरून तांब्यानं पाणी घातलंस की ते त्या फटीतून सरळ खाली जातं, तळाच्या भोकातून वाहून जातं, आणि आपल्याला वाटतं पोटभर पाणी दिलं. मधला गोळा मात्र दगडासारखा कोरडाच. अशा लहान कुंड्या उचलून पाण्यानं भरलेल्या टबात ठेव. आधी बुडबुडे येतील, बराच वेळ येत राहतील. ते थांबले की मातीनं पाणी घेतलं असं समज. मोठ्या कुंड्यांची माती वरवर हलक्या हातानं मोकळी कर, कडेची फट मातीनं बुजव आणि थोड्या थोड्या वेळानं थोडं थोडं पाणी दे. एकदम ओतायचं नाही.

आणि खत? लगेच नको. आजारातून उठलेल्या झाडाला नर्सरीवाल्याच्या सांगण्यावरून मूठ मूठ खत घालायचं, ही आपल्या सगळ्या बायकांची हौस. दुबळ्या मुळांना ते सोसत नाही. आधी पाणी आणि सावली. नवी फूट दिसली, दोन-चार पानं स्थिरावली, की मग चांगलं कुजलेलं शेणखत. तुझ्या बाबतीतही मी हेच म्हणेन. महिला मंडळातल्या कुणी तुला ईस्टरच्या कार्यक्रमाची सगळी जबाबदारी घे म्हणजे मन रमेल असं सांगितलं असेल, तर सरळ नाही म्हण. पुढच्या वर्षी घे.

आता फुलांचं. सगळ्यात आधी चाफ्याकडे जा. तो तुझी वाट बघत नसेल, तो त्याच्या कामाला लागलेला असेल. पांढऱ्या चाफ्याची पानं थंडीत झडतात, नुसती जाड, राखाडी, बोथट बोटांसारखी दिसणारी खोडं उरतात. नवी पालवी नीट फुटायच्या आधीच, त्या उघड्या टोकांवर मार्च-एप्रिलात कळ्यांचे तुरे येतात. मूळचा हा मेक्सिको आणि मध्य अमेरिकेकडचा, पण आता कुणी म्हणेल का तो परका? देवळाच्या आवारात तो, दर्ग्यात तो, आपल्या दफनभूमीतही तोच. पान नसलेल्या झाडावर पांढरं फूल, आत पिवळी झाक. ईस्टरच्या चित्रांत जी लिली दाखवतात ती जपानच्या दक्षिणेकडच्या बेटांवरची, तिला आपला एप्रिल झेपत नाही. कुंडीत आणलीस तरी ती रुसणार. तिच्या मागं कशाला लागतेस? आपल्या ईस्टरचं फूल आपल्या दारात उभं आहे.

तुझ्या गच्चीवरचा चाफा कुठून आला, ठाऊक आहे ना? सासूबाईंचं माहेर जालन्याचं. १८४३ साली बाप्तिस्मा घेतलेल्या रेव्हरंड नारायण शेषाद्रींनी पुढं जालन्याजवळ निजाम सरकारकडून मिळालेल्या जमिनीवर बेथेल वसवलं. गावकुसाबाहेर ठेवलेल्या माणसांना तिथं स्वतःची घरं मिळाली, प्रार्थनामंदिर मिळालं. त्या भागातल्या एका अंगणातून सासूबाईंनी लग्नानंतर फांदी आणली होती, असं त्या मला दर वेळी सांगायच्या. आणि त्यातली एक खुबी आवर्जून सांगायच्या: चाफ्याची फांदी तोडली की लगेच लावायची नाही. तुटलेल्या जागेतून पांढरा चीक गळतो. ती सावलीत तशीच आडवी टाकून ठेवायची, आठवडाभर, जास्तच. तोंड सुकून बंद झालं की मग लावायची. घाई केली की फांदी मातीत सडते. काहीही न करता नुसतं पडू द्यायचे ते दिवस हीच तिची लागवड. शुक्रवार आणि रविवार यांच्या मध्ये जो शनिवार असतो, त्याच्याबद्दल उपदेशात फारसं कुणी बोलत नाही. तू सध्या त्या शनिवारात आहेस. बस तिथं. कुणी तुला ओढून रविवारात नेऊ लागलं तर हात सोडवून घे.

मोगऱ्याचं थोडं अवघड आहे. मोगऱ्याला कळी येते ती नव्या फुटीवरच. म्हणून सासूबाई काय करायच्या, जानेवारी-फेब्रुवारीत त्याचं पाणी कमी करायच्या, छाटणी करायच्या आणि मग खत-पाणी सुरू करायच्या. राखेच्या बुधवारच्या आसपास बोडका दिसणारा मोगरा ईस्टरपर्यंत कळ्यांनी भरायचा. उपवासाचे चाळीस दिवस त्या झाडानंही पाळले, असं त्या हसून म्हणायच्या. आपल्याकडचे मोसंबीवाले हेच करतात. बागेला ताण देतात, झाडं जरा मलूल झाली की पाणी सोडतात, आणि मग बहार धरतो. यंदा तुमच्या मोगऱ्याची छाटणी झालेली नाही. आता हलकीच छाट, वाळक्या काड्या काढ, पाणी दे. ईस्टरला फुलं मिळणार नाहीत. पण मेमध्ये मिळतील. यंदा पेंटेकॉस्ट २४ मेला आहे, तेव्हा वेदीवर तुझा मोगरा असेल. उशीर झाला म्हणजे बुडालं असं बागेत नसतं.

मात्र इथं एक गोष्ट नीट सांगते. हे ताण-बहाराचं उदाहरण देऊन तुला कुणी म्हणालं की “देवानं तुला दुःख दिलं, कारण तुला फुलवायचं होतं,” तर मान डोलवू नकोस. ताण देणारा शेतकरी रोज बागेत फिरतो. पानं किती गळली, फांदी कुठवर सुकली ते बघतो. ताण लांबला तर झाड मरतं, हे त्याला ठाऊक असतं. सासूबाईंचं जाणं ही कुणी तुझ्यासाठी आखलेली मशागत नव्हती. त्या आजारी होत्या, त्या गेल्या, आणि तुला त्यांची उणीव भासते. एवढंच खरं आहे, आणि एवढं खरं पुरे आहे. येशूसुद्धा लाजराच्या कबरेपाशी रडला होता, पुढं काय होणार हे ठाऊक असूनही.

कोपऱ्यातल्या एका कुंडीत तुला नुसती माती दिसेल. रिकामी म्हणून उचलून ठेवशील, किंवा त्यात कोथिंबीर पेरशील. थांब. ती फुटबॉल लिलीची कुंडी आहे. तिचा कंद हिवाळाभर मातीत निजून असतो, पानाचा मागमूस नसतो. एप्रिल-मेच्या उकाड्यात, वळवाचे शिंतोडे पडायच्या सुमारास, एकच दांडा वर येतो आणि त्यावर लाल फुलांचा चेंडू उमलतो, शेकडो बारीक केसरांचा. पानं बहुतेक त्याच्या मागून येतात. त्या कुंडीत खुरपं घालू नकोस, कंदाला इजा होईल. अधूनमधून थोडंसं पाणी शिंपड आणि विसरून जा. माझ्याकडचे कंदही तिथूनच आलेत. पहिल्या वर्षी मी रोज डोकावायचे, आता डोकावत नाही. येते ती.

बोगनवेलीची काळजीच नको. तिला जितकं कमी पाणी तितकी ती जास्त रंगते, त्यामुळं इतक्या महिन्यांच्या दुर्लक्षानं ती उलट खूश असेल. आणि सदाफुली. सदाफुलीला तू फूल मानत नाहीस, माहीत आहे मला. कुठल्याही फटीत उगवते, कुणी विकत घेत नाही, हारात शोभत नाही. पण याच झाडातून काढलेली व्हिन्क्रिस्टिन आणि व्हिनब्लास्टिन ही औषधं कर्करोगावर दिली जातात. लहान मुलांच्या रक्ताच्या कर्करोगावरच्या उपचारात व्हिन्क्रिस्टिन आजही मोठा आधार आहे. आपल्या संभाजीनगरातल्या शासकीय कर्करोग रुग्णालयात अख्ख्या मराठवाड्यातून लेकरं घेऊन आईबाप येतात. त्यांच्यापैकी किती जणांच्या सलाईनमधून ही गच्चीवरची सदाफुली गेली असेल! (तिची पानं घरात कुणी औषध म्हणून चावायची नाहीत हं, विषारी असतात. औषध कारखान्यात होतं, अंगणात नाही.) यंदा वेदीवर सदाफुली ठेव. कुणी नाक मुरडलं तर त्यांना हे सांग.

आता तू म्हणशील, “ताई, पण ती बाग त्यांची होती. मी हात लावला तर ती माझी होईल, आणि त्या आणखी लांब जातील.” तू हे बोलली नाहीस, पण मला ऐकू आलं. यावर मी तुला आपल्या नगरच्या लक्ष्मीबाई टिळकांची आठवण करून देईन. त्यांच्या यजमानांना, रेव्हरंड टिळकांना, फुलामुलांचे कवी म्हणतात, हे तू शाळेत शिकलीस. त्यांनी ‘ख्रिस्तायन’ हे ओवीबद्ध महाकाव्य लिहायला घेतलं होतं. ९ मे १९१९ रोजी ते गेले, आणि काम अर्धवट राहिलं. ते पूर्ण कुणी केलं? शाळेची पायरी न चढलेल्या, लग्नानंतर अक्षरं शिकलेल्या लक्ष्मीबाईंनी. नवऱ्याच्या ओव्या पुसल्या नाहीत, त्यांच्या शेजारी आपल्या मांडल्या. लक्ष्मीबाईंचं ‘स्मृतिचित्रे’ हे आत्मचरित्र वाचणाऱ्या कुणालाही दिसतं की त्यामुळं टिळक लांब गेले नाहीत, उलट जास्तच जवळ आले. एखाद्याचं अर्धं राहिलेलं काम हातात घेणं ही त्याच्याशी बोलत राहण्याची रीत आहे. सासूबाईंनी जास्वंद जिथं ठेवली तिथं ठेव. शेजारी तुझ्या आवडीचा गुलाब लाव. त्यांना तो आवडला नसता? मग तर लावच. सासू-सून म्हटल्यावर तेवढी कुरबूर चालायचीच.

कृतज्ञतेचंही तू विचारलंस. हल्ली रोज रात्री वहीत आभाराच्या गोष्टी लिहायला सांगतात. तू लिहून पाहिलंस, आणि लिहिता लिहिता चीड आली म्हणालीस. येणारच. दुःखातल्या माणसाला “कशाकशाबद्दल” आभार मानायला लावलं की त्याला ते दुःखाबद्दलही मानायला लागतील अशी धास्ती वाटते. तू “कुणाकुणाचे” असं धर, म्हणजे सोपं जाईल. कुंडी-कुंडीपुढं उभी राहा आणि विचार, हे झाड कुणी दिलं? घरच्या बागेतली निम्मी झाडं विकतची नसतातच. चाफा जालन्याचा. निशिगंधाचे कंद पाळकीणबाईंनी दिलेले. जास्वंद शेजारच्या खालाजानकडची, त्यांनी ईदच्या दिवशी शिरखुर्म्याबरोबर फांदी पाठवली होती ना? तुळस समोरच्या काकूंची. कढीपत्ता भाजीवाल्या मावशींनी आणून दिलेला. ऑइलपेंटचा छोटा डबा आण, आणि प्रत्येक कुंडीवर देणाऱ्याचं नाव घाल. लेकीला घालू दे, तिचं अक्षर वेडंवाकडं असलं तरी. मग ज्याचं नाव आहे त्याला महिन्या-दोन महिन्यांत काहीतरी परत दे. एक फूल, एक रुजलेली फांदी, मूठभर कढीपत्ता. कृतज्ञता वहीत राहिली तर शिळी होते. ती दारोदार फिरली पाहिजे.

पाण्याचेही आभार मान, पण डोळे उघडे ठेवून. या शहरातल्या बागा बरेचदा बाहेरून आणलेल्या पाण्यावर जगल्या आहेत. सतराव्या शतकात मलिक अंबरनं डोंगरातलं पाणी जमिनीखालच्या नहरींतून गावात आणलं, तेव्हा इथं माणसं आणि बागा टिकल्या. पाणचक्कीचं पाणीही असंच नहरीतून आलेलं. आज आपण पिणारं पाणी पैठणच्या जायकवाडीतून, पन्नासेक किलोमीटरवरून, चढावर ओढत आणलेलं असतं. १९७६ साली पूर्ण झालेल्या त्या धरणाखाली कितीतरी गावांच्या जमिनी गेल्या. कुणाचं तरी शेत बुडालं म्हणून तुझ्या नळाला पाणी येतं. तेव्हा पाण्याची नळी मोकळी सोडून देणं ही गोष्ट तुझ्या गच्चीवर व्हायला नको. तांदूळ-डाळ धुतलेलं पाणी झाडांना घाल. एसीचं ठिबकणारं पाणी बादलीत धर, ते चालतं. कूलरच्या तळाचं आणि फिल्टरमधून वाया जाणारं पाणी क्षारांचं असतं, ते रोज घालू नकोस, फरशी धुवायला वापर. मोठ्या कुंडीत एक साधं भाजलेलं मातीचं मडकं गळ्यापर्यंत पुर, त्यात पाणी भर आणि वर झाकण ठेव. ते हळूहळू झिरपतं आणि मुळांपाशी ओल टिकते. मातीवर वाळल्या पानांचा जाड थर दे. पश्चिमेच्या बाजूला हिरवी जाळी बांध. पाणी नेहमी सकाळी लवकर किंवा दिवेलागणीला. भर दुपारी तापलेल्या कुंडीत पाणी घातलं की मुळं उकडतात.

उत्तम शुक्रवारी वेदी रिकामीच असते, तिथं काही न्यायचं नाही. शनिवारी संध्याकाळी बोगनवेलीच्या फांद्या काप, देठ लगेच पाण्यात बुडव, नाही तर ती तासाभरात माना टाकते. निशिगंधाच्या दोन-चार जुड्या बाजारातून आण, तेवढ्याला माझी हरकत नाही. चाफा मात्र रविवारी पहाटेच वेच, सूर्योदयाच्या उपासनेला निघायच्या आधी. तो फुलदाणीत राहत नाही. सासूबाईंची ती रुंद पितळी परात घे, चिंचेनं घासून लख्ख कर, पाणी भर आणि फुलं त्यात तरंगत सोड. मध्ये सदाफुली. उपासना झाली की आपण सगळे छावणीतल्या दफनभूमीत जातोच, तेव्हा ओंजळभर चाफा बाजूला काढून ठेव. तिथं “प्रभू उठला आहे” म्हणताना तुझा आवाज फुटला नाही तर नुसती उभी राहा. बाकीचे म्हणतील. मंडळी त्यासाठीच असते, एकाचा आवाज बसला की दुसऱ्यानं उचलायचा.

आणि मग खरं काम सुरू होतं. सोमवारी वेदीवरची फुलं सुकतात, घरातलं मटण संपतं, पाहुणे जातात. ईस्टरचा काळ मात्र त्या रविवारी संपत नाही, पेंटेकॉस्टपर्यंत पन्नास दिवस चालतो. आपल्या संभाजीनगरात ते पन्नास दिवस म्हणजे वर्षातलं सगळ्यात कडक ऊन. ज्यांच्याकडे ईस्टर वसंतात येतो त्यांना हे पन्नास दिवस फुलांचे असतात. आपल्याला ते झाडं जगवण्याचे असतात. म्हणून मला आपला ईस्टर जास्त खरा वाटतो बघ. पुनरुत्थानावर विश्वास आहे असं गाणं म्हणून सांगणं सोपं असतं. मेच्या दुसऱ्या आठवड्यात, एकही फूल नसताना, कुंडीतल्या काडीला रोज तांब्याभर पाणी घालणं हे त्याच विश्वासाचं नळाच्या पाण्यातलं रूप. कधी कंटाळा येईल, कधी राहून जाईल. राहिलं तर दुसऱ्या दिवशी घाल. दोन-तीन झाडं तरीही जातील. त्यांची माती फेकू नकोस, उन्हात तापवून घे, पावसाळ्यात कामाला येईल.

पाडव्याच्या आधी एका सकाळी मी कात्री, शेणखताची पिशवी आणि हिरवी जाळी घेऊन येतेच. जाळी बांधायला उंच माणूस लागेल, तेव्हा तुझ्या नवऱ्याला त्या दिवशी उशिरा जायला सांग. चाफ्याची एक फांदी मला हवी आहे, दुसरी आपण खालाजानसाठी काढू. दोन्ही तुझ्याच जिन्यात आडव्या टाकून ठेवायच्या आहेत, तेव्हा लेकीच्या चपला तिथून हलव.